दाताची शेड आणि कॅमेरा: फोटोवरून रंग जुळवण्याची सविस्तर पद्धत

समोरच्या सहा दातांवर एकदम कॅप बसवायच्या असतील, तर रंगाचं काम तुलनेनं सोपं असतं. सहाही एकमेकांशी जुळल्या की पाहणाऱ्याला काही खटकत नाही. खरी कसोटी लागते ती पटाशीच्या एकाच दाताची कॅप करताना. शेजारी त्याचा नैसर्गिक जोडीदार उभा असतो, आणि बोलताना, हसताना दोघे कायम एकत्र दिसतात. तिथे अर्ध्या शेडचा, म्हणजे रंगछटेचा, फरकही लपत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातली अशीच एक केस अजून डोळ्यांसमोर आहे. दात घासून तयार केला, माप घेतलं, तात्पुरती कॅप बसवली आणि सगळं आवरल्यावर शेड गाइड, म्हणजे ठरावीक रंगांच्या नमुना-दातांचा संच, हातात घेतलं. त्यातली ए१ ही उजळ शेड अगदी चपखल वाटली. तसा फोटोही काढून कॅप बनवणाऱ्या लॅबला पाठवला. कॅप आली ती पांढरीफटक. टेक्निशियनची चूक नव्हती. त्यांनी मी मागितलं तेच दिलं होतं. तासभर तोंड उघडं राहून दात वाळले होते, आणि मी त्या वाळलेल्या दातांचा रंग टिपला होता. त्या रुग्णाला दोन खेपा जास्तीच्या घालाव्या लागल्या. तेव्हापासून फोटो मी कामाच्या शेवटी काढत नाही. आजही कुणी विचारलं की शेडच्या फोटोसाठी कोणता कॅमेरा घेऊ, तर माझा पहिला प्रश्न असतो: तुम्ही फोटो कधी काढता?

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करायला हवी. फोटोतून दाताचा रंग थेट वाचता येत नाही. तोच दात, तोच कॅमेरा, फक्त फ्लॅश बदलला तरी वेगळा दिसतो. फोटो उपयोगी पडतो तो तुलनेसाठी. दात आणि शेड टॅब (गाइडमधला एक नमुना-दात) एकाच चौकटीत, एकाच प्रकाशात, एकाच अंतरावर असतील, तर त्या दोघांमधला फरक विश्वासार्ह असतो. टॅब नसलेला फोटो कितीही सुंदर असला तरी शेडसाठी त्याचा उपयोग नाही. पुढची सगळी खटपट ही तुलना प्रामाणिक राहावी यासाठीच आहे.

रंगाबद्दल एवढं आधी

रंगाचे तीन घटक अमेरिकी चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले, आणि दंतवैद्यकात आपण आजही त्याच भाषेत बोलतो. ह्यू म्हणजे रंगाचं कूळ: पिवळसर की तांबूस. क्रोमा म्हणजे तो रंग किती दाट आहे. व्हॅल्यू म्हणजे उजळपणा, काळ्या-पांढऱ्याच्या पट्टीवर तो कुठे बसतो.

दातांच्या बाबतीत व्हॅल्यू सर्वांत महत्त्वाची. नैसर्गिक दातांच्या ह्यूमध्ये फरक फारच थोडा असतो. जवळजवळ सगळे दात पिवळ्या-तांबूस पट्ट्यातच येतात. पण व्हॅल्यू चुकली तर कॅप चार हातांवरूनही उठून दिसते. व्हॅल्यू बरोबर असेल, तर ह्यूतली बारीक चूक डोळा बहुतेक वेळा माफ करतो.

व्हिटा कंपनीच्या क्लासिकल गाइडमध्ये १६ टॅब असतात. ए गट तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी करडा, डी तांबूस-करडा. डबीत त्या अक्षरांप्रमाणे लावून ठेवायची सवय असते, पण निवड करताना व्हॅल्यूप्रमाणे लावा: बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३, डी३, बी३, ए३.५, बी४, सी३, ए४, सी४. डावीकडे सर्वांत उजळ, उजवीकडे सर्वांत गडद. १९९८ मध्ये आलेल्या व्हिटा थ्रीडी-मास्टर गाइडची रचनाच व्हॅल्यूवर आधारलेली आहे. त्यातल्या ‘२एम२’सारख्या नावात पहिला आकडा व्हॅल्यूचा, मधलं अक्षर ह्यूचं आणि शेवटचा आकडा क्रोमाचा. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी हे दुसरं गाइड घ्यायला सांगते, कारण ते विचारही योग्य क्रमानं करायला लावतं. मात्र तुमच्या लॅबकडे जे गाइड आहे तेच तुमच्याकडेही हवं, ही अट सगळ्यात आधी.

कॅमेरा एकदा बसवा, मग हात लावू नका

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स आणि लेन्सभोवती बसणारा फ्लॅश, एवढं मूळ साहित्य. बॉडी साधी असली तरी चालते; पैसे लेन्स आणि फ्लॅशवर घालवा. रिंग फ्लॅशचा प्रकाश सपाट पडतो आणि मागच्या दातांसाठी तो सोयीचा असतो. समोरच्या दातांचा पोत आणि उंचसखलपणा मात्र दोन बाजूंनी येणाऱ्या ट्विन फ्लॅशमध्येच नीट दिसतो. ट्विन फ्लॅशवर डिफ्यूझर लावला तर चकाकीचे ठिपके मऊ होतात.

सेटिंग पूर्ण मॅन्युअल. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/२२, शटर १/१२५ ते १/२००, आयएसओ १०० किंवा २००. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर एफ/१६ पुरतं. एवढं लहान छिद्र ठेवायचं कारण म्हणजे मॅक्रो अंतरावर फोकसची खोली फार कमी मिळते. पटाशीचे दात आणि सुळे दोन्ही स्पष्ट हवे असतील तर पर्याय नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ५५०० केल्विनच्या आसपास स्थिर करा. फोटो रॉ स्वरूपात साठवा. जेपीईजीमध्ये कॅमेरा स्वतःच्या अंदाजानं रंग आणि कॉन्ट्रास्ट बदलून टाकतो, आणि तो बदल नंतर पूर्णपणे काढता येत नाही.

फ्लॅशही मॅन्युअलवरच. टीटीएल मोडमध्ये कॅमेरा समोरचं दृश्य पाहून दर वेळी फ्लॅशची ताकद ठरवतो. मागे काळा कॉन्ट्रास्टर (दातांमागे धरायची काळी पट्टी) आला की तो प्रकाश वाढवतो, पांढरे दात जास्त दिसले की कमी करतो. म्हणजे ज्या गोष्टीची तुलना करायची तीच दर फोटोत हलते. योग्य ताकद शोधायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागेल: एक चतुर्थांशवर सुरुवात करा, फोटो पाहा, वरखाली करा. एकदा सापडली की कागदावर लिहून कॅमेऱ्यालाच चिकटवा.

आता फारसं कुणी न करणारी एक चाचणी. या सेटिंगवर फ्लॅश बंद ठेवून, खोलीतले दिवे चालू ठेवून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. काही दिसत असेल तर खोलीतला प्रकाश तुमच्या फोटोत मिसळतोय, आणि त्याचा रंग फ्लॅशपेक्षा वेगळा आहे. खुर्चीवरचा दिवा फोटोच्या वेळी नेहमी बंद. तो इतका तीव्र असतो की एफ/२२ वरही डोकावतो.

मॅग्निफिकेशनही ठरवून घ्या. फुल-फ्रेमवर १:१ ला ३६ × २४ मिमीचा भाग चौकटीत येतो, म्हणजे वरचे चार पटाशीचे दात जेमतेम. १:२ ला ७२ × ४८ मिमी येतो. त्यात सुळ्यांपलीकडचेही दात आणि हिरडी मावते. शेडसाठी मी १:२ ची एक आणि १:१ ची एक अशा दोन ठरावीक जागा वापरते. फोकस मॅन्युअलवर ठेवून लेन्सची रिंग त्या आकड्यावर लावायची आणि मग स्वतः पुढे-मागे होऊन फोकस साधायचा. यानं दोन गोष्टी मिळतात: प्रत्येक फोटोत दात सारख्याच आकाराचा येतो, आणि फ्लॅशचं अंतर आपोआप सारखं राहतं.

फ्लॅश पुन्हा पूर्ण भरायला काही सेकंद लागतात. घाईत लागोपाठ बटण दाबलं तर दुसरा फोटो थोडा काळपट येतो. तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा.

रुग्ण खुर्चीत बसल्यावर

दात वाळला की उजळ आणि अपारदर्शक दिसतो. इनॅमलच्या सूक्ष्म स्फटिकांमधल्या जागेत पाणी असतं. ते उडून गेलं की तिथे हवा शिरते आणि प्रकाश जास्त विखुरतो. ओठ बाजूला धरून तोंड उघडं ठेवलं तर काही मिनिटांतच हा बदल दिसू लागतो. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावला तर आणखी वेगानं होतो. मूळ रंग परत यायला मात्र कित्येक तास, कधी पूर्ण दिवस लागतो. गुळणी करून घेतली, दातावर पाणी मारलं, म्हणजे दात पूर्ववत झाला असं नाही. बाहेरून ओला दिसतो, आत वाळलेलाच असतो.

त्यामुळे क्रम असा ठेवा. रुग्ण आल्यावर आधी दातांवर साचलेलं किटण किंवा चहा-तंबाखूचे डाग असतील तर हलकी पॉलिशिंग आणि गुळणी. सफाई सविस्तर करावी लागणार असेल तर ती आधीच्या भेटीत उरका. ब्लीचिंग झालं असेल तर किमान दोन आठवडे थांबा, कारण त्या काळात रंग थोडा मागे सरकून स्थिर होतो. मग लगेच शेड आणि फोटो. भूल त्यानंतर. ड्रिल, रिट्रॅक्शन कॉर्ड, माप, सगळं त्यानंतर.

लिपस्टिक पुसून घ्या. भडक कपड्यांवर करड्या रंगाचं बिब टाका, कारण लाल किंवा केशरी रंगाकडे पाहिल्यावर डोळ्याला दात हिरवट-निळसर झाक असलेला वाटू लागतो. पूर्वी निळ्या पृष्ठभागाकडे पाहून डोळे ताजे करायला शिकवत. त्यानंही डोळा एका बाजूला कलतो. करडा रंगच बरा. टॅबकडे एका वेळी पाच ते सात सेकंदांपेक्षा जास्त टक लावू नका. पहिला कौल बहुतेक वेळा बरोबर असतो, नंतर डोळा थकतो आणि सगळ्याच टॅब सारख्या वाटू लागतात.

डोळ्यांनी तीन टॅब निवडा: सर्वांत जवळची, तिच्याहून एक पायरी उजळ आणि एक पायरी गडद. डोळे किंचित मिटून पाहिलं की रंग मागे पडतो आणि व्हॅल्यू पुढे येते. जी टॅब दाताआधी किंवा दातानंतर नाहीशी होते तिची व्हॅल्यू वेगळी आहे. ह्यूबद्दल शंका असेल तर सुळ्याकडे पाहा, तिथे क्रोमा सर्वांत जास्त असल्यानं कूळ ओळखू येतं. रंगांधत्व पुरुषांमध्ये बरंच जास्त आढळतं, आणि कित्येकांना आपल्याला ते आहे याचा पत्ताच नसतो. एकदा इशिहारा चाचणी करून घ्या. दोष निघाला तर डोळ्यांची निवड सहकाऱ्याकडे सोपवा. संगणकावरच्या आकड्यांचं पुढचं काम तुम्हीच करू शकता.

टॅब कशी धरायची

सगळ्या पद्धतीत सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

वरच्या दातांसाठी टॅब उलटी करून खालून आणा, म्हणजे टॅबची कड आणि दाताची कड एकमेकींना जवळजवळ टेकतील. दोघींमध्ये मिलिमीटरभर फट ठेवा. टॅब दाताच्या समोर, ओठाच्या बाजूला धरू नका; ती दाताच्याच पातळीत, दाताइतक्याच कलानं असली पाहिजे. कारण साधं आहे: प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. फ्लॅश दातापासून १५ सेंमीवर आहे आणि टॅब दातापेक्षा ५ मिमी पुढे आहे असं समजा. टॅबवर सुमारे ७ टक्के जास्त प्रकाश पडेल. दाताच्या आसपासच्या उजळपणात एवढ्यानं एल* (उजळपणाचं ० ते १०० पट्टीवरचं माप) जवळपास २ नं वाढतो. शेजारच्या दोन टॅबमधला फरकही अनेकदा एवढाच असतो. म्हणजे टॅब अर्धा सेंटिमीटर पुढे आली की तुमचा निर्णय एक पायरी चुकू शकतो, आणि फोटोत ते ओळखूही येत नाही.

कल बदलला तरी तसंच. टॅब थोडी वर झुकली की तिच्यावर चकाकीचा मोठा पांढरा पट्टा येतो. तो पट्टा दातावरच्या पट्ट्याच्या जागी, साधारण त्याच आकाराचा येईपर्यंत टॅब फिरवा. टॅबही ओली करून घ्या. ओल्या दाताशेजारी कोरडी टॅब फिकी दिसते.

टॅबवरचा क्रमांक फोटोत दिसला पाहिजे. हे लिहायची गरज वाटू नये, पण लॅबमध्ये येणाऱ्या फोटोंमध्ये टॅबचं नाव बोटाखाली झाकलेलं असणं ही रोजची तक्रार आहे. आणि टॅबचा हिरडीकडचा भाग तुलनेत घेऊ नका. तिथे मुद्दाम दाट रंग दिलेला असतो. तुलना मधल्या तिसऱ्या भागाशीच करा.

प्रत्येक टॅबचा स्वतंत्र फोटो काढा. तीन टॅब एकाच फोटोत कोंबल्या तर कडेच्या दोन्ही दाताच्या पातळीपासून हटतात.

कोणते फोटो घ्यायचे

सुरुवात करड्या कार्डानं. रंगहीन करडं कार्ड, म्हणजे ज्याचं एल* मूल्य कंपनीनं दिलेलं आहे असं, दातांच्या पातळीत धरून एक फोटो. साधा पांढरा कागद चालत नाही. त्यात निळसर चमक आणणारी रसायनं असतात. कार्ड निर्जंतुक करता येईल असं प्लॅस्टिकचं घ्या, लहान कापून.

मग रिट्रॅक्टर (ओठ बाजूला धरायचं साधन) लावून १:२ चा समोरचा फोटो, दात किंचित उघडे. त्यानंतर निवडलेल्या तिन्ही टॅबचे फोटो. शेवटी मागे काळा कॉन्ट्रास्टर धरून १:१ चा फोटो, कडेची पारदर्शकता पाहण्यासाठी. तोंडाच्या आतला लाल अंधार मागे असला की कड लालसर दिसते. काळ्यावर ती खरी कळते. हाच फोटो फ्लॅश एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, करून पुन्हा घ्या. त्या काळपट फोटोत डेंटिनची (इनॅमलखालच्या थराची) बोटं, कडेवरची निळसर झाक, पांढरे ठिपके आणि भेगा असं सगळं उघडं पडतं, जे नेहमीच्या फोटोत प्रकाशानं धुऊन गेलेलं असतं. मला स्वतःला टेक्निशियनसाठी हा सर्वांत मोलाचा फोटो वाटतो.

दात घासल्यानंतर आणखी एक: उरलेल्या खुंटाचा. खुंट काळवंडलेला असेल, रूट कॅनाल झालेली असेल, आत धातूची पोस्ट असेल, तर सिरॅमिकमधून तो रंग वर येतो. यासाठी एनडी१ ते एनडी९ अशा वेगळ्या टॅबचं गाइड मिळतं. ही टॅब खुंटाशेजारी धरून फोटो घ्या. लक्षात घ्या की शेड गाइडची टॅब जाड असते, तुमची कॅप दीड मिलिमीटरच्या आसपास. ए२ची टॅब जुळली आणि कॅपही ए२च्याच सिरॅमिकची केली, तरी काळ्या खुंटावर ती ए२ दिसणार नाही. खुंटाचा फोटो असेल तर टेक्निशियन पदार्थ आणि जाडी आधीच ठरवू शकतो.

पोलरायझर

दातावरच्या चकाकीमुळे खालचा रंग झाकला जातो. फ्लॅशच्या दोन्ही डोक्यांवर पोलरायझिंग फिल्म एका दिशेनं आणि लेन्सवर दुसरा पोलरायझर तिच्याशी काटकोनात लावला, की पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश अडतो आणि दाताच्या आतून विखुरून आलेलाच प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो. चकाकी पूर्ण गेलेला, सपाट, जरा जास्त दाट रंगाचा फोटो मिळतो. रंगाच्या नकाशासाठी यासारखं साधन नाही. जोडणी बरोबर आहे का हे पाहायला ओल्या टॅबचा फोटो काढा. एकही पांढरा ठिपका उरला नाही म्हणजे जमलं.

यात दोन ते तीन स्टॉप प्रकाश जातो. फ्लॅश पूर्ण ताकदीवर न्या, गरज पडली तर आयएसओ ४००. करड्या कार्डाचा फोटोही पोलरायझरसकट पुन्हा घ्या. आणि पोलराइज्ड फोटोतल्या दाताची तुलना पोलराइज्ड फोटोतल्याच टॅबशी. साध्या फोटोतली टॅब आणि पोलराइज्ड फोटोतला दात असं मिश्रण करू नका. पोत आणि चमक यांची माहिती या फोटोत नसते, त्यामुळे साधा फोटो सोबत हवाच.

संगणकावर

रॉ फाइल कोणत्याही चांगल्या रॉ सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ऑटो दुरुस्त्या, व्हायब्रन्स, क्लॅरिटी सगळं शून्यावर. प्रोफाइल न्यूट्रल किंवा लिनिअर. करड्या कार्डाच्या फोटोवर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवा. रंगाची झाक दाखवणारे ए* आणि बी* हे आकडे शून्याजवळ आले पाहिजेत. मग एक्स्पोजर सरकवून कार्डाचा एल* त्याच्या दिलेल्या मूल्यावर आणा. आता हीच दुरुस्ती त्या बैठकीतल्या सगळ्या फोटोंना जशीच्या तशी लावा. पोलराइज्ड फोटोंना मात्र त्यांच्या स्वतःच्या कार्डावरून काढलेली दुरुस्ती. दुसरा अपवाद मुद्दाम काळपट काढलेल्या फोटोचा. त्याला व्हाइट बॅलन्स द्या, एक्स्पोजर नाही. एखादा फोटो डोळ्यांना गडद वाटला म्हणून वेगळा उजळ करायचा मोह टाळा. तिथेच तुलना मोडते.

ही एल*, ए*, बी* मूल्यं दाखवण्याची सोय लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप दोन्हींत आहे. यातला एल* म्हणजे उजळपणा, ० ते १००. ए* धन असेल तर तांबूस, ऋण असेल तर हिरवट. बी* धन असेल तर पिवळा, ऋण असेल तर निळा. एकाच पिक्सेलवर विसंबू नका, नमुन्याचा आकार वाढवून सरासरी घ्या. चकाकी नसलेल्या जागी, दाताच्या हिरडीकडच्या, मधल्या आणि कडेच्या भागात मापा. टॅबचं माप मधल्या भागात.

समजा दाताच्या मधल्या भागात एल* ७४, ए* ३, बी* १८ आलं. त्याच फोटोतली ए२ टॅब ७६, २, १९ आणि दुसऱ्या फोटोतली ए३ टॅब ७२, ४, २१ आली. तिन्ही फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा: ए२ साठी ४ + १ + १ = ६, वर्गमूळ सुमारे २.४५. ए३ साठी ४ + १ + ९ = १४, वर्गमूळ सुमारे ३.७४. हा आकडा म्हणजे डेल्टा ई. दंतवैद्यकातल्या अभ्यासांत या सूत्रानं १.२ च्या आसपासचा फरक निम्म्या पाहणाऱ्यांना जाणवतो आणि २.७ पर्यंतचा फरक निम्मे लोक चालवून घेतात, असं धरलं जातं. म्हणजे ए२ चालवून घेण्याच्या मर्यादेत बसते, पण फरक जाणवू शकतो.

इथे आकड्यापेक्षा फरकाची दिशा अधिक कामाची. दात ए२ पेक्षा दोननं कमी उजळ, एकनं अधिक तांबूस, एकनं कमी पिवळा. टेक्निशियनला ‘ए२’ एवढंच लिहून पाठवण्याऐवजी ‘ए२ आधार, व्हॅल्यू किंचित कमी, थोडी तांबूस झाक’ असं लिहिलं, की त्याच्या हातात काहीतरी ठोस येतं. हे आकडे स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या निरपेक्ष मोजमापाची जागा घेत नाहीत. पण एकाच फोटोतल्या दोन वस्तूंमधला फरक दाखवायला ते भरवशाचे आहेत, आणि आपल्याला हवा असतो तो फरकच.

फोटो काळा-पांढरा करून व्हॅल्यू पाहायची युक्ती बरीच प्रचलित आहे. तिचा उपयोग आहे, पण सॉफ्टवेअर प्रत्येक रंगाला करड्यात बदलताना वेगवेगळं वजन देतं, त्यामुळे पिवळी टॅब हवी त्यापेक्षा उजळ दिसू शकते. एल* चा आकडा समोर असताना मी ती शेवटची खात्री म्हणून वापरते, निर्णयासाठी नाही.

मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर डोळ्यांनी पाहून रंगावर बोलू नका, आकड्यांवर बोला.

लॅबला पाठवताना

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक तपशील निघून जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा क्लाउडची लिंक द्या. रॉ फाइल आणि दुरुस्त केलेली जेपीईजी, दोन्ही. फाइलच्या नावात रुग्णाचं नाव नको, केस क्रमांक हवा. फोटो बाहेर पाठवण्याची लेखी संमती आधीच घेतलेली असावी.

सोबत दाताची साधी रेषाकृती काढा आणि तीन भागांत रंग, कडेची पारदर्शकता, ठिपके, भेगा यांची जागा दाखवा. खुंटाची शेड, कॅपचा पदार्थ, रुग्णाचं वय आणि दोन्ही बाजूंच्या दातांवर जुनं फिलिंग आहे का, तेही लिहा. शेजारच्या दातावर कॉम्पोझिट असेल तर त्याचा रंग नैसर्गिक समजून टेक्निशियन फसतो.

फक्त मोबाइल असेल तर

चालेल, मर्यादा ओळखून. मोबाइल दाताच्या अगदी जवळ नेला की समोरचे दात फुगलेले दिसतात. थोडं मागे जाऊन टेलिफोटो लेन्स वापरा. प्रो मोडमध्ये रॉ चालू करा, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा, एचडीआर आणि ब्यूटी बंद. मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश नको. दोन बाजूंना ठेवलेले, ५५०० केल्विनच्या आसपासचे आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) ९० च्या वरचे एलईडी दिवे घ्या. मोबाइल आपणहून बरंच काही बदलतो, म्हणून इथे करडं कार्ड आणि टॅब एकाच चौकटीत असणं जास्तच गरजेचं.

ट्राय-इनच्या, म्हणजे कॅप बसवून पाहण्याच्या, दिवशी

कॅप आली की बसवून पाहण्याआधी शेजारचे दात वाळू देऊ नका. बसवून, ओलं करून, पहिल्या दोन मिनिटांत त्याच सेटिंगवर, त्याच टॅबसह फोटो घ्या. उशीर केला तर शेजारचे दात वाळून उजळतात, चांगली कॅप गडद वाटते आणि आपण ती विनाकारण परत पाठवतो. व्हिनियर (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पातळ कवच) असेल तर सिमेंटच्या शेडशी जुळणारी ग्लिसरीनची ट्राय-इन पेस्ट आत भरूनच फोटो घ्या. आत हवा असलेल्या व्हिनियरचा रंग खरा नसतो. रुग्णाला आरसा देऊन खिडकीजवळही पाहू द्या. काही सिरॅमिक एका प्रकाशात जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे पडतात, आणि फ्लॅशखालचा फोटो तो दोष दाखवत नाही.

फरक निघालाच तर कॅप परत पाठवताना नुसतं ‘शेड जुळत नाही’ लिहू नका. कॅप, शेजारचा दात आणि टॅब एकाच चौकटीत असलेला फोटो, तिन्हींची एल*, ए*, बी* मूल्यं आणि फरक कोणत्या भागात आहे ते पाठवा. सिमेंट केल्यावर दोन आठवड्यांनी, दात पूर्ण ओलसर असताना, शेवटचा फोटो घेऊन तोही लॅबला पाठवा. पुढच्या केसला तुमच्या ‘व्हॅल्यू किंचित कमी’चा नेमका अर्थ किती, हे त्या फोटोवरून टेक्निशियनला कळलेलं असतं.